पहिली कमाई, पहिली ओढ आणि आपलं हसू

वार्षिक परीक्षा संपली, की बारामती-इंदापूरकडच्या घरांतली दुपार फार मोठी होते. ऊन मी म्हणत असतं, साखर कारखान्यांचा हंगाम आटोपलेला असतो, आणि दहावीची परीक्षा दिलेले चिरंजीव पंख्याखाली आडवे पडलेले असतात. शेवटी आईच वैतागून म्हणते, "नुसता लोळतोस काय? जा, काकांच्या रसवंतीवर जाऊन बस. चार पैसे तरी दिसतील!"

आमच्या शेजारच्या वहिनींनी असंच केलं. पोरगा सोळा वर्षांचा. चरकाशी काका उभे राहायचे आणि हा लिंबं कापायचा, पेले द्यायचा, पेले विसळायचा, पैशांचा हिशेब ठेवायचा. दिवसभर कानाशी चरकाच्या घुंगरांचा आवाज. महिना भरला, हातात पैसे आले. त्यातले निम्मे त्यानं आपण होऊन आईपुढे ठेवले. उरलेल्यातून एक निळा शर्ट आणि सेंटची छोटी बाटली आणली.

झालं! रात्री जेवायला बसल्यावर अख्खं घर त्याच्यावर तुटून पडलं. "कुणासाठी रे हा नट्टापट्टा?" असं धाकट्या भावानं विचारलं, आणि आत्याबाईंनी तर चक्क पलीकडच्या आळीतल्या एका मुलीचं नावच घेतलं. सगळे पोट धरून हसले. पोरगा ताटावरून उठला. शर्ट घडीसकट कपाटात गेला, तो बाहेर आलाच नाही. चार दिवस तो आईशी धड बोलेना.

"अहो, आम्ही नुसती गंमत केली," वहिनी मला सांगत होत्या. "त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही 'फँड्री' पाहिलात का?"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. २०१३ साली मुंबईच्या चित्रपट महोत्सवात तो गाजला आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला चित्रपटगृहांत आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणजे आपले शेजारीच की! उजनीच्या पाण्याच्या या काठाला इंदापूर तालुका आणि त्या काठाला करमाळा. तीच बोली, तेच ऊन, त्याच वेड्या बाभळी. म्हणूनच तो चित्रपट पाहताना आपल्याकडच्या माणसाला परका वाटत नाही.

त्यातला जब्या आठवा. शाळेतली शालू त्याला आवडते. तिच्याशी बोलायचं धाडस नाही, पण निदान अंगावर एक जीनची पँट असावी, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी तो मित्राला, पिऱ्याला, बरोबर घेऊन सायकलवरून आइसकांडी विकत हिंडतो, आपण जिला गारेगार म्हणतो तीच. काळी चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल, असंही त्याच्या डोक्यात बसलेलं. आपण हसतो. का हसणार नाही? त्या वयात आपणही असलंच काहीतरी केलेलं असतं! वहीच्या शेवटच्या पानावर दोन नावं लिहून त्यातली सारखी अक्षरं कोणी खोडली नाहीत?

पण पुढे काय होतं? जब्या दुकानातल्या पँटकडे पाहत राहतो, आणि बाहेर त्याची सायकल ट्रकखाली चिरडली जाते. पँट राहिली, कमाई राहिली, वर नुकसान. घरी बहिणीच्या लग्नासाठी पैशांची जुळवाजुळव चाललेली. बाप कचरू त्याच विवंचनेत. या पोराच्या मनात काय चाललंय हे विचारायला तिथे सवड कुणाला असणार? सुट्टीत गंमत म्हणून काम करणं वेगळं, आणि शाळा बुडवून बापाच्या हाताखाली राबावं लागणं वेगळं. जब्याच्या वाट्याला दुसरं आलेलं आहे, तेही त्याच्या जातीमुळे. शेवटी साऱ्या गावादेखत त्याला डुक्कर धरायला पळावं लागतं. सारं गाव हसतं. त्या हसणाऱ्यांत शालूही असते.

किशोर कदमांचा कचरू आणि सोमनाथ अवघडेचा जब्या पाहताना आपलं हसू तिथे घशातच अडकतं. सोमनाथला या कामासाठी उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेनं येतो. मला त्याचा अर्थ असा लागला, की बाईसाहेब, तुम्हीसुद्धा मघाशी हसत होता ना?

त्या वयाच्या पोराला उपाशी राहणं चालतं, बोलणी खाणं चालतं, पण त्याला हसलेलं चालत नाही. पहिली कमाई आणि पहिली ओढ ही बहुधा हातात हात घालूनच येतात. कारण आपण आता कुणीतरी आहोत, हे त्याला प्रथमच कुणाला तरी दाखवायचं असतं. त्याच्याबरोबर हसा, जरूर हसा. त्याला मात्र हसू नका. या दोन्हींतलं अंतर मोठ्यांना कळत नाही, लहानांना बरोबर कळतं.

हे झालं मुलांचं. मुलींचं काय?

मंजुळ्यांचाच 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला, ऐन सुट्टीत आला. त्यातली आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. इंदापूर तालुक्यातलं सराटी सोडून नीरा ओलांडली की अकलूज. म्हणजे एक शेजारी भीमेपल्याड आणि दुसरी नीरेपल्याड! ही आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, चारचौघांत बेधडक बोलते. पूर्वार्धात चिठ्ठ्या-चपाट्या, मित्रांची धांदल, नुसती धमाल. पण लक्षात घ्या, एवढ्या मोठ्या घरातल्या या मुलीच्या हाती स्वतः मिळवलेला पैसा पहिल्यांदा कधी येतो? घरदार सुटून हैदराबादला पोचल्यावर, कारखान्यात कामाला लागल्यावर. आणि त्या कमाईवर उभा केलेला संसार माहेरचीच माणसं येऊन संपवतात. मुलगा चिडवला जातो, तिथे मुलीला कोंडलं जातं. एकच गोष्ट, पण त्याच्यासाठी ती विनोदी आणि तिच्यासाठी जिवावरची.

आपल्या घरात एवढं टोकाचं होत नाही, हे कबूल. पण "नाव निघालं" म्हणून मुलीची शाळा बंद करणं आणि घाईनं स्थळ बघणं, हे आपल्या ऐकण्यात नाही का? अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आसपास असं काही घडत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवता येतं.

तेव्हा पुढच्या सुट्टीआधी चार गोष्टी ठरवून टाकू या.

पहिली : कामाचं ठिकाण आधी स्वतः जाऊन बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही नोकरीला ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावायला तेवढी मुभा आहे, तीही धोक्याच्या कामात नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांनाही धोक्याची कामं कायद्यानं बंद आहेत. काम किती तास, सावली आणि पाणी आहे का, घरी परत कुणाबरोबर यायचं, हे विचारायला लाजू नका.

दुसरी : कमाईतले घरात किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे आधीच बोलून ठेवा. त्याच्या वाट्याच्या पैशांचा हिशेब लिहायला जरूर शिकवा, पण "हे कशाला घेतलंस?" म्हणून हिणवू नका.

तिसरी : मुलीलाही कमवू द्या. सुट्टीत ती पापड-कुरडया घालते, धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, आणि आपण त्याला 'मदत' म्हणतो. तिला शिवणाच्या ताईंकडे, ओळखीच्या दुकानात हिशेबाला, लहान मुलांच्या शिकवणीला जाऊ द्या. मिळालेले पैसे तिच्याच हातात राहू द्यात. स्वतःच्या कमाईची चव घेतलेली मुलगी उगाच कुणाच्या भूलथापांना भुलत नाही.

चौथी, आणि सर्वांत अवघड : नाव कानावर आलं तर ताटावर विषय काढू नका. संध्याकाळी शेंगा निवडताना, एकटीनं, हळूच विचारा. "मुलगी कोण?" हा प्रश्न नंतर. आधी "तुला काय वाटतं?" हे विचारा. आणि उत्तर मिळालं, की लगेच उपदेश सुरू करू नका. ऐकून घ्या.

एवढं सगळं त्या दिवशी मी वहिनींना बोलले. त्या काही न बोलता उठून गेल्या. मला वाटलं, बाई रागावल्या.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे द्यायला पोरगा आमच्याकडे आला. अंगात निळा शर्ट, कडक इस्त्रीचा. मागून वहिनी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इस्त्री मीच केली हो. शर्ट बघून आत्याबाईंनी तोंड उघडलं होतं, पण मी अख्खा पेढा त्यांच्या तोंडात घातला!"

मग आम्ही दोघी हसलो. पोरगाही हसला.