कलाशिक्षणातली विषमता : संशोधन प्रस्ताव कसा तपासावा?

मी हिंदमाता परिसरात मुलांचा अभ्यासवर्ग घेते. तिथे मदतीला येणाऱ्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तिचा संशोधन प्रस्ताव मला वाचायला दिला. विषय होता शालेय कलाशिक्षणातली विषमता. गृहीतक असे : वस्तीतल्या मुलांना कलेची आवड कमी असते, कारण घरात तसे वातावरण नसते.

आपल्या वस्त्यांवर अभ्यास करायला बरेच जण येतात, अर्ज भरून घेतात आणि निघून जातात. म्हणून असा प्रस्ताव तपासायचा कसा, हे आपल्यालाही कळायला हवे. मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, दोष कुठे शोधला आहे, मुलात की व्यवस्थेत? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण पटसंख्या 100 च्या वर असेल तरच. म्हणजे पट घसरलेल्या शाळेतल्या मुलाला कलाशिक्षकाची हमी कायदाच देत नाही. आवड मोजण्याआधी शिक्षक, तासिका आणि रंगसाहित्य मोजले पाहिजे.

दुसरा, परिणाम कुठवर पाहिला आहे? कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात. शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील तर मुलांची तयारी करून घेणार कोण? खासगी क्लास ज्याला परवडतो, तो पुढे जातो. कलेच्या तासाला झालेला अन्याय असा गुणपत्रिकेत उतरतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कला कशाला म्हटले आहे? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना मांडली. शाळा ज्या घरची संस्कृती प्रमाण मानते, त्या घरचे मूल हुशार ठरते. या प्रस्तावाच्या प्रश्नावलीत शास्त्रीय गायन, नृत्य, चित्रकला क्लास असे रकाने होते. भीमगीत, जलसा, ढोलकी यांना जागा नव्हती. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात हात चालवणारा मुलगाही त्यात बसत नव्हता. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेला, अण्णा भाऊ आणि अमर शेख यांची शाहिरी याच गिरणगावात गाजली. तरी इथले घर कागदावर 'कलाशून्य' ठरणार होते.

त्या विद्यार्थिनीचे वडील स्वतः भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतात. मी तिला विचारले, "तुझ्या अर्जात बाबांना कुठे लिहिशील?" ती बराच वेळ गप्प राहिली.

तिने गृहीतक बदलले. आता ती एकाच परिसरातल्या महापालिका, अनुदानित आणि खासगी शाळांमधल्या कलेच्या तासिका आणि शिक्षक यांची तुलना करणार आहे. पालकांची संमती घेणार आहे आणि निष्कर्ष वस्तीत येऊन वाचून दाखवणार आहे.

पुढच्या वेळी कुणी अर्ज घेऊन दाराशी आले, तर आपणही हे तीन प्रश्न जरूर विचारा. आपल्या मुलांबद्दल काय लिहिले जाते, ते वाचण्याचा आणि त्यावर बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

जय भीम!