टिंब कुठे काढायचं?

“आजी, परकराची नाडी नेमकी कुठे बांधता?”

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन उद्यावर आलेलं असताना सिस्टर हे विचारते, तेव्हा आजींना नवल वाटणारच. सिस्टरला मात्र उत्तर हवंच असतं. ती आजींना आडवं झोपवते, बसवते, उभं करते, वाकायला लावते, मांडी घालायला सांगते, आणि दर वेळी पोटावरच्या वळ्या कुठे पडतात ते पाहते. बेंबी, बरगडीची कड, कमरेचं हाड, जुन्या टाक्यांचा व्रण, नाडीची रेघ हे सगळं टाळून, पोटाच्या उभ्या स्नायूवर, आजींना स्वतःला मान खाली घालून दिसेल अशा जागी ती पेनाने एक टिंब काढते. दुसऱ्या दिवशी सर्जन शक्यतो त्याच टिंबावर आतड्याचं तोंड बाहेर काढतो.

या तोंडाला स्टोमा म्हणतात. शौचाची नेहमीची वाट बंद करावी लागली की ती पोटावरून काढतात, कधी काही महिन्यांसाठी, कधी जन्मभरासाठी. टिंब दोन बोटं चुकलं आणि स्टोमा वळीत गेला, तर त्यावर लावलेली पिशवी बसताक्षणी सुटते. म्हणजे पुढच्या सगळ्या आयुष्यात माणूस लग्नाकार्याला जाईल की नाही, हे त्या पाच मिनिटांच्या पाहणीवरही ठरू शकतं. हे टिंब काढायला शिकवणारं स्वतंत्र शिक्षण असतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

स्टोमा ही चीज मुळात विलक्षण आहे. लालभडक, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखी. बोट लावलं तरी दुखत नाही, कारण कातडीत असतात तसे वेदना कळवणारे मज्जातंतू तिथे नसतात. नीट पाहत बसलं तर तो हळूच आकुंचन पावताना दिसतो. आपल्या पोटात अहोरात्र चाललेली हालचाल इथे उघड्यावर चालते. प्रशिक्षित परिचारिका त्याचा रंग वाचते. लाल म्हणजे रक्तपुरवठा ठीक. जांभळट किंवा काळा पडू लागला, तर सर्जनला तातडीने बोलवायचं. कधी आतडं जास्तच बाहेर घसरतं आणि सुजतं, तेव्हा अनुभवी हात त्यावर चक्क साधी साखर पसरतात. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते आणि ओसरलेलं आतडं हलकेच आत सरकवता येतं. (घरी करून पाहायचा हा प्रकार नव्हे, आतड्याचा रंग बदललेला असेल तर साखरेच्या वाटेला जायचंच नाही.)

खरा वैरी आहे तो आतून येणारा स्राव. लहान आतड्यातून येणारं पाणी पाचक रसांनी भरलेलं असतं, आणि या रसांना पोळी आणि पोटाची कातडी यांतला फरक कळत नाही. 1952 मध्ये इंग्लंडमधले सर्जन ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचं टोक बाहेरच्या बाजूला उलटवून दोन-तीन सेंटिमीटरची तोटी करण्याची पद्धत मांडली. त्यामुळे स्राव कातडीवर न ओघळता पुढे पडू लागला. पण पडायचा कशात? पट्ट्यांनी बांधलेल्या रबरी पिशव्या गळायच्या, वास यायचा. 1954 मध्ये डेन्मार्कची परिचारिका एलिसे सोरेनसेन हिची स्टोमा असलेली बहीण थोरा पिशवी गळण्याच्या भीतीने घराबाहेर पडेना. तेव्हा एलिसेने चिकटणाऱ्या आणि वापरून फेकून देता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना काढली. पुढे तिच्यावर एक मोठा उद्योग उभा राहिला.

आता एक गोष्ट आपल्या रानातली. सोललेल्या, ओल्या कातडीवर काही चिकटतच नाही, हा पेच अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी कराया डिंकाने सोडवला. हा डिंक येतो कांडोळाच्या झाडातून. पान गळलं की पांढऱ्याफटक खोडामुळे चांदण्यात दचकवणारं, म्हणून ज्याला आपल्याकडे भुत्याही म्हणतात, तेच हे झाड. कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारं. त्याचा डिंक पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि ओल्या जागीही धरून राहतो. कृत्रिम दातांची कवळी बसवण्यासाठी त्याची भुकटी आधीच वापरात होती. मध्य भारतातल्या रानात आदिवासींनी गोळा केलेला डिंक क्लीव्हलँडमधल्या रुग्णांच्या पोटावर पोचला, यातलं अप्रूप मला अजून ओसरत नाही.

टर्नबुल यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला डिंकाहून मोठी वाटते. ॲक्रन गावच्या नॉर्मा गिल या त्यांच्या रुग्ण. 1954 मध्ये त्यांच्यावर इलिऑस्टॉमी झाली होती, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा काढलेला होता. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांना आपणहून मदत करू लागल्या. 1958 मध्ये टर्नबुल यांनी त्यांना रुग्णालयातच नेमलं आणि 1961 मध्ये तिथे या विषयाची शाळा सुरू झाली. नॉर्मा परिचारिका नव्हत्या. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतही स्वतः स्टोमा असलेले बरेच होते. वैद्यकाची एक अख्खी शाखा रुग्णाच्या अनुभवातून वर आली, वरून खाली नाही. परिचारिका असण्याची अट नंतर आली. 1978 मध्ये या कामाची जागतिक परिषदही स्थापन झाली. आज तिच्या मान्यतेचे अभ्यासक्रम अनेक देशांत चालतात, आणि त्यांत स्टोमाबरोबर जखमांची निगाही शिकवतात.

पण स्टोमा आणि जखमा एकाच अभ्यासक्रमात का? याचं उत्तर पुन्हा चिकटपणातच आहे. डिंकाची जागा पुढे पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेल्या, पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चकत्यांनी घेतली. त्यांच्याखालची कातडी भराभर सुधारते हे दिसलं, आणि तेच मिश्रण ड्रेसिंग म्हणून जखमांवर आलं. त्याला शास्त्राचा आधार तयारच होता. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते. कारण सोपं आहे: नव्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत जातात, खपली धरली तर त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. “उघडी ठेव, वारा लागू दे” हे आपल्या घराघरातलं वाक्य निदान अशा जखमांपुरतं तरी उलटंच ठरलं. आणि लगेच अपवादही आहे: रक्तपुरवठा खुंटलेल्या मधुमेही पायाचं काळं पडलेलं, कोरडं बोट ओलं करणं धोक्याचं. कुठे ओल हवी आणि कुठे नको, हे कळण्यासाठीच तर शिकायचं.

बेडसोरचंही तसंच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा धोका मोजायला 1987 पासून ब्रेडन मोजपट्टी आहे: 6 ते 23 गुण, जितके कमी तितका धोका जास्त. पहिली खूण म्हणून पुस्तकं सांगतात ती लाली, बोटाने दाबूनही फिकी न होणारी. ही पुस्तकं गोरी कातडी समोर ठेवून लिहिलेली. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. म्हणून माकडहाडावर आणि टाचेवर हात ठेवून बाजूच्या कातडीशी तुलना करायची: गरम लागतंय का, घट्ट झालंय का, की पिठूळ मऊ पडलंय. आपल्या वॉर्डांत डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळू शकतं, हे मूळ नर्सिंगच्या अभ्यासात ठसतंच असं नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या धोरणानुसार नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी आणि त्यासाठी 150 तासांचं निरंतर शिक्षण अपेक्षित आहे. हे तास सभागृहात बसून, सही करून, प्रमाणपत्र घेऊनही भरता येतात. माझ्या मते निदान काही तास तरी रुग्णाच्या खाटेशी आणि स्टोमा क्लिनिकमध्ये जावेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असं क्लिनिक आहे. तिथे मोजपट्टीने स्टोमा मोजून चकतीला दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायला शिकता येतं. आणि ऑपरेशननंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसत जातो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजायलाही.

काही ठिकाणी शिकणाऱ्यांना आणखी एक काम देतात. स्वतःच्या पोटावर पिशवी चिकटवायची, तिच्यात पाणी किंवा पातळ लापशी भरायची आणि दिवसभर तशीच ड्यूटी करायची, जेवायचं, प्रवास करायचा, झोपायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, हे वाक्य परिचारिका रुग्णांना नेहमी सांगतात. त्या दिवशी ती अर्ध्यावर आल्यावर चकतीची वरची कड कशी ओढली जाते, ते त्यांना कळतं.