घडीचा फोन घ्यावा काय?

ज्या घरांत पैठणी पिढ्यान् पिढ्या जपली गेली आहे, त्या घरांतील स्त्रियांस एक नियम सांगावा लागत नाहीं. रेशमी वस्त्र एकाच घडींत वर्षानुवर्षें राहिलें तर तें नेमकें त्या रेषेवर विरतें. म्हणून अधूनमधून तें बाहेर काढावें, घडी मोडावी व निराळी घालावी. पैठण छत्रपति संभाजीनगरापासून पन्नासेक किलोमीटरांवर. तेव्हां हा नियम ह्या शहरास परका नाहीं. आतां येथील दुकानांत आणखी एक घडीची वस्तु मांडलेली दिसते. ती म्हणजे घडी होणारा स्मार्टफोन. तो घ्यावा कीं न घ्यावा, ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें ह्या जुन्या नियमांतच आहे.

ह्या फोनाचे मुख्य प्रकार दोन. पहिला पुस्तकासारखा उघडतो. मिटलेला असतां नेहमींच्या फोनाएवढा, उघडला कीं सुमारें आठ इंचांचा. दुसरा डबीसारखा मिटतो. उघडल्यावर तो नेहमींचाच फोन, मात्र खिशांत निम्मी लांबी घेणारा. सॅमसंग कंपनीनें जुलै २०२५ मध्यें भारतांत आणलेल्या पुस्तकी नमुन्याची आरंभींची किंमत १,७४,९९९ रुपये, तर डबीच्या नमुन्याची १,०९,९९९ रुपये होती. एवढ्या पैशांत घरांत नवी दुचाकी येते. तेव्हां नव्याच्या हौसेपुढें चार प्रश्न विचारणें योग्य होय.

पहिला प्रश्न, कांच वांकते कशी? जाड पुठ्ठा दुमडला तर बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. पातळ कागद मात्र सहज वळतो. वस्तु जितकी पातळ, तितका वळणावरचा ताण कमी. म्हणून ह्या पडद्यावरील कांच सुमारें ३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही बारीक केलेली असते. तिच्याखालीं प्रकाश देणारे सूक्ष्म बिंदू लवचिक प्लॅस्टिकवर बसविलेले असतात, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचें आणखी एक आवरण असतें. बोटास लागतें तें हें आवरण. तें कांचेपेक्षां मऊ असून नखानेंही त्यावर ओरखडा उठूं शकतो.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. २०२० सालच्या डबीच्या नमुन्यास कंपनीनें दोन लाख घड्यांची ग्वाही दिली होती. २०२५ च्या पुस्तकी नमुन्याचा पडदा पांच लाख घड्यांच्या कसोटीस उतरल्याचें सांगण्यांत आलें. दिवसांतून दोनशें वेळां फोन उघडणाऱ्या माणसास पहिला हिशेब पावणेतीन वर्षांचा, दुसरा पावणेसात वर्षांचा पडतो. प्रगति खरीच मोठी आहे. परंतु ही कसोटी प्रयोगशाळेंतील यंत्राची. वैशाखांत पारा चाळीस अंशांवर चढणाऱ्या शहरांतील खिशाची नव्हे.

तिसरा प्रश्न धुळीचा, आणि तो येथें सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल २०१९ मध्यें सॅमसंगचा पहिला घडीचा फोन परीक्षणासाठीं पत्रकारांच्या हातीं गेला, तेव्हां कांहींचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले. कोणी वरचें आवरण तात्पुरतें समजून सोलून काढलें. कोठें बिजागरीच्या फटींतून कण आंत शिरले. विक्री पुढें ढकलून कंपनीनें रचना सुधारली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें तो फोन १,६४,९९९ रुपयांस भारतांत आला. आजही माहितीपत्रकांतील ‘आयपी’ ह्या अक्षरांपुढचे दोन अंक वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. सॅमसंगच्या वरील दोन्ही नमुन्यांस ४८ हा दर्जा आहे. म्हणजे पाण्याचें भय थोडें. परंतु ४ ह्या अंकाचा अर्थ इतकाच कीं, एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठे कण अडतील. जालना रस्त्यावर दुचाकीस्वाराच्या खिशांत शिरणारी धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. धुळीस पूर्ण अटकाव दर्शविणारा अंक ६ होय. गूगलनें २०२५ सालीं काढलेल्या पुस्तकी फोनास ६८ हा दर्जा मिळाला आहे.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. आंतील पडदा गेल्यास तो बदलण्यास एका चांगल्या साध्या फोनाइतका खर्च येऊं शकतो. म्हणून खरेदीपूर्वीं त्या पडद्याची किंमत लेखी मागावी, कंपनीचें अधिकृत दुरुस्तीकेंद्र शहरांत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि विम्याचा खर्च मूळ किंमतींत मिळवूनच हिशेब करावा.

मग हा फोन कोणीं घ्यावा? वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत फिरतां फिरतां आराखडे पाहणारा अभियंता, हिशेबाचे रुंद तक्ते वाचणारा व्यावसायिक, प्रवासांत सबंध वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ, ह्यांस तो मोठा पडदा रोज उपयोगीं पडेल. ज्या घरांत एकच फोन मुलांच्या हातून वडीलधाऱ्यांच्या हातीं फिरतो, किंवा जेथें हप्ते फेडतां फेडतां ओढाताण होणार आहे, तेथें तो घेऊं नये. मोठा पडदा हवाच असेल तर एक चांगला साधा फोन व एक टॅबलेट हीं दोन्ही मिळून पुस्तकी फोनाच्या निम्म्या किंमतींत येतात, आणि एक बिघडलें तर दुसरें हाताशीं राहतें.

पैठणीची घडी बदलतां येते, म्हणून ती नातीपर्यंत पोंचते. फोनाची घडी मात्र जन्मापासून एकाच रेषेवर पडते, आणि ती बदलणें कोणाच्याही हातीं नसतें. ज्यास तो मोठा पडदा रोज लागतो, त्यानें ही गोष्ट जाणून तो खुशाल घ्यावा. ज्यास केवळ चारचौघांत उघडून दाखवावयाचा आहे, त्यानें थांबावें.