मोडीत काढण्यापूर्वी: टी. नगरमधील जुन्या चेनसॉची तपासणी

चेन्नईतील टी. नगर, म्हणजेच त्यागराय नगर, ही वसाहत १९२० च्या दशकात मांबलमच्या जुन्या तलावाचे पात्र भरून उभी राहिली, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात पानगल पार्कच्या आसपासच्या रस्त्यांवर पाणी साचले की या इतिहासाची आठवण सर्वांना होते. पदपथाच्या काँक्रीटने मुळे आखडलेली मोठ्या घेराची झाडे अशा भिजलेल्या जमिनीत वाऱ्यापुढे टिकत नाहीत. १२ डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या वरदा चक्रीवादळात शहरभर हजारो झाडे पडली, तेव्हा रस्ते मोकळे करण्याचा भार मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने, म्हणजे चेनसॉने, उचलला होता. साड्या, सोने आणि भांडी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेत चेनसॉची खरी निकड वर्षातून तीनच महिने भासते. उरलेला काळ ती बहुधा कोपऱ्यात पडून असते, आणि पुढे ‘दुरुस्त करावी की मोडीत द्यावी’ हा प्रश्न उभा राहतो त्याची सुरुवात पुष्कळदा या पडून राहण्यातच झालेली असते.

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते, म्हणजे त्यात वंगणाची वेगळी टाकी नसते आणि पिस्टनला व बेअरिंगला लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. ५०:१ हे प्रमाण सांगितले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. (साखळीला लागणारे तेल निराळे, आणि त्याची टाकीही निराळी.) हे मिश्रण कार्बोरेटरमध्ये महिनोन्महिने राहिले की आतला पातळ लवचीक पडदा ताठरतो; पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते दमट हवेतील ओलावाही शोषून घेते. पडदा ताठरला की इंधन कमी आणि हवा जास्त असे मिश्रण आत जाते, इंजिन नेहमीपेक्षा जोरात किंचाळते, आणि वादळानंतरच्या घाईत हा बदललेला आवाज कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो.

अशी सीझ झालेली करवत हाती आली असता जाणता कारागीर लगेच पूर्ण इंजिन खोलत नाही. तो आधी सायलेन्सर काढतो, कारण त्यामागे धूर बाहेर पडण्याची जी खिडकी असते तिच्यातून, दोरी हळूहळू ओढत विजेरीचा प्रकाश टाकला असता, पिस्टनची एक बाजू स्वच्छ दिसते. निरोगी पिस्टनवर कारखान्यातील कातकामाच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतात, तर जळालेल्या पिस्टनवर उभे ओरखडे आणि फासल्यासारखे दिसणारे ॲल्युमिनियम आढळते. ओरखडे कोणत्या बाजूला आहेत यावरून दोषाचे मूळ बरेचसे ओळखता येते: ते केवळ धुराच्या बाजूला असतील तर इंधन कमी पडले किंवा कोठून तरी जास्तीची हवा शिरली असावी, चारही बाजूंना असतील तर बहुधा कोणी तेल न मिसळता नुसतेच पेट्रोल भरले असावे, आणि केवळ कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या फिल्टरमधून भुसा आत गेला असावा. दुरुस्तीचा निर्णय खरे तर येथेच अर्धा होतो, कारण मूळ कारण न शोधता नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. खर्चाचा हिशेब आधी आणि कारणाचा शोध नंतर, ही सर्रास आढळणारी रीत म्हणूनच उलटी आहे.

उरलेला अर्धा निर्णय सिलिंडरवर अवलंबून असतो. टीव्हीएस ५० सारख्या मोपेडी किंवा आरएक्स १०० सारख्या मोटारसायकली दुरुस्त करून हात बसलेल्या मेकॅनिकांना सिलिंडर घासला की तो ‘बोअर’ करून घ्यावा, म्हणजे आतून थोडा मोठा कापून त्यात जाड पिस्टन घालावा, अशी सवय असते. त्या गाड्यांत आतली बाही बिडाची असल्यामुळे हे शक्य होते. बहुतेक चेनसॉंमध्ये मात्र ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल किंवा क्रोमचा अतिशय पातळ आणि कठीण मुलामा दिलेला असतो, आणि तो कापला की सिलिंडरच संपतो. मुलामा शाबूत आहे की नाही हे पाहण्याची पद्धत साधी आहे, पण ती उघड्या जागी आणि हातमोजे घालूनच वापरावी लागते. काडीला कापूस गुंडाळून त्याने फरशी धुण्याचे ॲसिड निकेलचा मुलामा असलेल्या सिलिंडरच्या ओरखड्यांवर लावले जाते. पिस्टनचे चिकटलेले ॲल्युमिनियम बुडबुडे सोडत विरघळते आणि खालचा मुलामा तसाच राहतो. बुडबुडे थांबले, पाण्याने धुतल्यावर राखाडी चकाकी दिसली आणि त्यावरून आडवे फिरवलेले नख कोठेही अडकले नाही, तर सिलिंडर वाचला असे समजावे. बुडबुडे थांबतच नसतील तर ॲसिड आता सिलिंडरचेच ॲल्युमिनियम खात असते.

त्यानंतर गळतीची परीक्षा होते. इंजिनाची दोन्ही तोंडे रबराने बंद करून हातपंपाने थोडी हवा भरली जाते आणि साबणाचे पाणी लावले जाते. क्रँकच्या टोकांशी फेस फुगला तर तेथील ऑइल सील गेलेले असतात, आणि जळण्याचे खरे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. सील स्वस्त असतात. पुराच्या पाण्यात बुडालेल्या करवतीचे दुखणे मात्र याहून खोल असते, कारण तिच्या बेअरिंगांना गंज चढतो आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच पांढरी भुकटी धरू लागते. साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी बसवण्याच्या बोल्टचे आटे गेले असतील तर तारेची गुंडाळी बसवून ते नव्याने धरवता येतात; बेअरिंगच्या बैठकीतून तडा गेला असेल तर पुढची तपासणी करण्यात अर्थ उरत नाही. साखळी आणि पट्टी यांची अवस्था कितीही केविलवाणी असली तरी ती येथे जमेस धरू नये, कारण ते झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत.

पुढच्या मुठीसमोर असलेला साखळी-ब्रेक, म्हणजे करवत उसळून मागे आली असता मनगटाच्या धक्क्याने साखळी तत्काळ थांबवणारा दांडा, काही फार जुन्या नमुन्यांत मुळातच नसतो. अशी करवत इंजिनाच्या दृष्टीने कितीही वाचण्याजोगी असली, तरी रस्त्यात आडव्या पडलेल्या, फांद्यांवर ताण धरून बसलेल्या झाडावर मजुराच्या हाती ती देण्यासाठी दुरुस्त करणे समर्थनीय नाही. तिचे मॅग्नेटो, क्रँक आणि झाकणे त्याच नमुन्याच्या दुसऱ्या करवतीसाठी बाजूला ठेवावीत.

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या करवतीच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे जाऊ लागला की बहुतेक कारागीर हात आवरता घेतात, आणि हा ढोबळ नियम वाईट नाही. त्यात बसून जी करवत वाचते तिला नव्या पडद्याचा संच, नवी इंधननळी आणि नवे सील मिळतात, व पहिल्या काही टाक्या तिच्यावर बेताचाच भार टाकला जातो. जानेवारीत पाऊस संपला की तिची टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमध्ये उरलेले इंधन जळून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवली जाते आणि मगच फडताळावर चढते.