एकाएकीं तुटलेली दारू

इ. स. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला, व त्याच दिवशीं करोनाच्या सांथीपायीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. बाजार बसले, केळीचा उठाव मंदावला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दारूचे गुत्तेहि बंद झाले. आतां सालदार आपोआप सुधारतील असें कित्येक बागाइतदार म्हणूं लागले. आम्हीहि तसेंच म्हणालों.

आमच्या शेजाऱ्याचा सालदार वीस वर्षें रोज पिणारा. दुसऱ्या दिवशीं त्याचे हात कांपूं लागले, अंग घामानें भिजलें, व रात्रीं फेफऱ्यासारखा झटका आला. तिसऱ्या रात्रीं तर भिंतीवर साप चढतात म्हणून तो ओरडत सुटला. घरच्यांनीं बाहेरची बाधा समजून भगतास बोलाविलें. इस्पितळांत नेल्यास करोना जडेल ही धास्ती. शेवटीं शेजाऱ्यानेंच त्यास गाडींत घालून डॉक्टरकडे नेलें, म्हणून तो वांचला.

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाशीं जुळवून घेतो. दाब एकदम निघाला कीं फाटक उघडल्यावर पाट फुटावा तसा तो उसळतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके, व दोन ते चार दिवसांत भ्रम होतो. उपचार न झाल्यास प्राणावर बेततें. डॉक्टरच्या देखरेखीखालीं शामक औषध व ब-१ जीवनसत्त्व मिळाल्यास बहुतेक रोगी सांवरतात. अशा माणसास खोलींत कोंडून दारू सोडविणें म्हणजे त्याचा जीव टांगणीस लावणें होय.

केरळांत त्या दिवसांत दारूवांचून कित्येकांनीं आत्महत्या केल्या. तेथील सरकारनें डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांनीं विरोध केला, व २ एप्रिल २०२० रोजीं उच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. पुढील वर्षीं एप्रिलांत, पुन्हां निर्बंध असतां, यवतमाळ जिल्ह्यांत वणी येथें दारूऐवजीं सॅनिटायझर प्यालेले सात जण दगावले.

आपल्या राज्यांत ४ मे २०२० पासून ठिकठिकाणीं दुकानें उघडूं लागलीं व रांगा लागल्या. कचेरींत उत्पन्नाचे तक्ते उतरविण्यांत आमची हयात गेली, त्यामुळें सरकारची ही घाई आम्हांस नवी नव्हती. आमचा सालदारहि रांगेंत उभा राहिला. कर्ज, रिकामपण व मरणाची भीति त्यास झोंपूं देत नव्हती. दारूनें डोळा लागे, पण मध्यरात्रीं जाग येऊन उदासी दुप्पट होई.

शेजाऱ्यानें आखाजीला त्याचें साल मोडलें नव्हतें. मात्र पुढें पगार बायकोच्या हातीं देऊं लागला व त्यास पुन्हां उपचारास नेलें. २०२२ च्या आक्टोबरांत मनाच्या दुखण्यांसाठीं सरकारनें १४४१६ हा फुकट दूरध्वनि सुरू केला. शेजाऱ्यानें तो आंकडा खळ्याच्या भिंतीवर चुन्यानें मोठा लिहून ठेविला आहे.