‘साल्यूत-७’ची दुरुस्ती : एका खोट्या खुणेचा परिणाम

खूण आणि खुणेने दर्शविलेली वस्तू यांचा संबंध तुटला म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपण सहसा भाषेत शोधतो. यंत्रांच्या जगातील पुढील उदाहरणही तितकेच उद्बोधक आहे.

११ फेब्रुवारी १९८५ रोजी ‘साल्यूत-७’ या सोव्हिएत अवकाशस्थानकाशी असलेला संपर्क तुटला. स्थानक त्या वेळी निर्मनुष्य होते. (आदल्याच वर्षी एप्रिलमध्ये राकेश शर्मा तेथे राहून आले होते.) ते पुन्हा चालू करण्यासाठी व्लादिमिर जानिबेकोव्ह आणि व्हिक्तोर साविनिख ६ जूनला ‘सोयूझ टी-१३’ यानातून निघाले. एरवी यान व स्थानक परस्परांना रेडिओसंकेत देत जवळ येतात. येथे एक पक्ष मुका होता. तेव्हा हाती धरण्याच्या लेसर-मापकाने अंतर मोजत जानिबेकोव्ह यांनी ८ जूनला यान स्वहस्ते जोडले. हिशेब थोडा चुकता, तर टक्कर अटळ होती.

जवळ येतानाच एक गोष्ट ध्यानात आली. स्थानकाचे सौरपटल परस्परांशी समांतर नव्हते. म्हणजे आत वीज मुळीच उरली नव्हती. आत अंधार, निःशब्दता आणि बर्फ. भिंतीवर थुंकून थुंकी किती वेळात गोठते, यावरून थंडीचा अंदाज करावा लागला! पंखे बंद असल्याने उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड तोंडाभोवतीच साचे. म्हणून प्रारंभी एकाने काम करावे व दुसऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवावे, असा क्रम होता. यानातील वीज स्थानकाला देणेही धोक्याचे होते, कारण तेथील बिघाडाने यानच निकामी झाले असते, तर परतीचा मार्ग खुंटला असता. अखेर आठांपैकी धड असलेल्या सहा बॅटऱ्या त्यांनी सौरपटलांना थेट जोडल्या, तारांची उघडी टोके हातांनी पिळून; आणि यानाच्या साहाय्याने संपूर्ण स्थानक सूर्याकडे वळविले.

बिघाडाचे मूळ क्षुल्लक निघाले. बॅटरी भरल्याची सूचना देणारा एक संवेदक सदोष होता. बॅटऱ्या रिकाम्या असूनही तो ‘भरली’ असेच सांगे, आणि स्वयंचलित यंत्रणा त्यावर विश्वास ठेवून विद्युत्प्रवाह तोडी. शब्द ऐकणारा माणूस निदान संशय तरी घेतो. यंत्रणेला ती सोय नव्हती.

बर्फ वितळल्यावर सर्वत्र पाणीच पाणी झाले, तेही पुसून काढावे लागले. जानिबेकोव्ह सप्टेंबरमध्ये परतले, साविनिख नोव्हेंबरमध्ये. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला साविनिख यांनी ‘मृत स्थानकावरील टिपणे’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. ते ‘मृत’ स्थानक मात्र फेब्रुवारी १९९१पर्यंत पृथ्वीभोवती फिरत होते.