रोजची गोळी आणि वेळेची गोळी

रक्तदाब आणि हृदयविकार मुक्कामाला आलेल्या घरात गोळ्या दोन जातींच्या असतात. एक रोजची. सकाळी चहा-नाश्त्यानंतर घ्यायची, आणि घेतल्यावर काहीही जाणवत नाही. दुसरी वेळेची, जिभेखालची. छातीत आवळल्यासारखं झालं की ठेवायची आणि दोन-तीन मिनिटांत गुण बघायचा. घराचा जीव साहजिकच दुसरीवर. रोजची संपली तर 'आणू सोमवारी'. जिभेखालची मात्र पाकिटात, उशाखाली, गाडीच्या कप्प्यात, सगळीकडे. हा विश्वास नेमका उलटा बसलेला आहे. या दोन आजारांच्या औषधांबाबत आपल्याकडे जे घोटाळे होतात, त्यांतले बरेचसे या उलटेपणातूनच निघतात.

रोजच्या गोळीचं मोल कळायला ती नसतानाचा काळ आठवावा लागतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचा दाब वर्षानुवर्षं चढत गेला, आणि त्याच्या डॉक्टरांच्या हाती खरं म्हणजे पथ्य, विश्रांती आणि झोपेची औषधं याखेरीज फारसं काही नव्हतं. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव छापला. रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा हा लेख जगभर वाचला गेला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबाच्या गोळीच्या इतिहासातलं एक ठळक पान मुंबईत लिहिलं गेलं, हे आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही. याच रेसरपिननं पुढे काही रुग्णांना नैराश्यात ढकललं आणि ते मागे पडलं. मुळीतून आलं म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, याचा हा दाखला आपल्याच मातीतला आहे.

काही न जाणवणारी गोळी खरंच काही करते का, याचा रोखठोक पुरावा आला 1967 मध्ये. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस आणि सहकाऱ्यांनी खालचा दाब 115 ते 129 असलेले 143 पुरुष घेतले. काहींना औषध दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. फसव्या गोळीच्या गटात 27 जणांना गंभीर प्रकार झाले. औषधाच्या गटात दोघांना. आपल्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला नाही, यात एका पांढऱ्या गोळीचा हात होता, हे घरात कुणाला दिसत नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही.

म्हणून पहिली चूक ठरलेली. बीपी मोजलं, 124/78 आलं, 'नॉर्मल झालं, आता कशाला गोळी?' अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. काही औषधं अशी अचानक तोडली की दाब आधीपेक्षाही वर उसळतो. क्लोनिडिन त्यातलं बदनाम. त्याहून महत्त्वाचे बीटा ब्लॉकर: मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल. यांचा मूळपुरुष प्रोप्रानोलॉल, जो सर जेम्स ब्लॅक यांनी हृदयशूळ डोळ्यांपुढे ठेवून घडवला आणि त्याबद्दल 1988 मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. हे औषध हृदयाला कमी धावायला लावतं. महिनोन्‌महिने आवरून धरलेलं हृदय औषध एकदम काढलं की जास्तच उधळतं. छातीचं दुखणं परत येतं, कधी थेट झटकाच येतो. 1970 च्या दशकातच डॉक्टरांनी हे नोंदवलं, आणि आजही या गोळीच्या माहितीपत्रकात तो इशारा ठळक अक्षरांत असतो. आमच्याकडे लोक ती पट्टी संपली म्हणून, गावी जत्रेला गेलो म्हणून, दात काढायचा होता म्हणून बंद करतात. बंद करायचीच असेल तर डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत आणतात. एखाद्या दिवशी राहून गेली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी; दुसऱ्या दिवशी दोन घेऊन हिशेब चुकता करू नये.

'डोकं दुखलं की मी घेते' हा आणखी एक प्रकार. रक्तदाब डोकं दुखवून सांगत नाही, बहुतेकांना तो काहीच सांगत नाही. तो सांगतो यंत्र, आणि तेही नीट वापरलं तर. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद, आणि अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. जिना चढून आल्या आल्या, सुनेशी वाद घालत मोजलेल्या आकड्यावर गोळी वाढवू नये, तशीच कमीही करू नये.

आता पट्टीवरच्या अक्षरांकडे. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण खरा धोका इथे आहे आणि कुणी समजावून सांगत नाही. आपल्याकडे एकाच औषधाची बाजारात नावं अनेक, आणि त्या नावांना शेपट्या. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टनच्या एखाद्या ब्रँडपुढे 'एच' आला की बहुधा त्यात लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं. 'एएम' आलं की अॅम्लोडिपिन, 'एएमएच' आलं की तिन्ही. अॅम्लोडिपिनच्या पुढे 'एटी' म्हणजे सहसा अॅटेनोलॉल. 'सहसा' म्हणतोय, कारण या अक्षरांना काही कायदा नाही. नुसता 'ए' एका पट्टीवर एक सांगतो, दुसरीवर दुसरं. एखाद्या काकांना मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेली 'एएम'ची पट्टी चालू असते. गावी बीपी वाढलं म्हणून तिथले डॉक्टर वेगळ्या नावाचं अॅम्लोडिपिन सुरू करतात. काकांना आता अॅम्लोडिपिन दुप्पट जातंय आणि घोटे खरोखरच सुजतात, कारण पायांवर सूज येणं हा त्याच औषधाचा ठाऊक असलेला परिणाम. मग सुजेसाठी लघवीची गोळी. एका गोळीचं दुखणं दुसरी गोळी निस्तरते, तिचं तिसरी.

उपाय फुकट आहे. ब्रँडचं नाव सोडून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर उतरवावं, आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवावा. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी घेताना हाच कागद कामाला येतो. ब्रँड बदलला तरी चालेल, औषध आणि मिलिग्रॅम जुळले पाहिजेत. पट्टीच्या डाव्या बाजूची लाल उभी रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. मेडिकलवाला जुन्या रिकाम्या पट्टीवर देतो, हा व्यवहार आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून मोठ्या खपाच्या 300 ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. फोन लावून तो वाचणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

नावामागे 'एक्सएल', 'एसआर', 'ईआर' किंवा 'रिटार्ड' असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बांधलेली असते. आजींना गिळायला जड जातं म्हणून ती खलबत्त्यात कुटून मधातून दिली, की चोवीस तासांचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. काही गोळ्यांवर रेघ असते, त्या अर्ध्या करता येतात. पण चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. काहींचं रिकामं कवच शौचावाटे अखंड बाहेर पडतं. ते पाहून 'गोळी विरघळलीच नाही' म्हणून दुसरी घेणारेही आहेत. औषध आत राहिलेलं असतं, बाहेर येतं ते टरफल.

वेळेच्या गोळीचं घराणं याहून रंजक. अस्कानियो सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं 1847 मध्ये नायट्रोग्लिसरीन बनवलं, जिभेवर टेकवून पाहिलं आणि डोकं ठणकू लागलं. त्याचंच पुढे आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट केलं. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी तेच रसायन अगदी थोड्या मात्रेत हृदयशूळावर दिलं. खुद्द नोबेलला 1896 मध्ये डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं, तेव्हा नशिबाच्या या थट्टेबद्दल त्यानं पत्रात लिहिलं. लोकांनी घाबरू नये म्हणून डॉक्टर त्याला 'ट्रायनिट्रिन' म्हणतात, हेही त्यानं नोंदवलं. त्याच वर्षी 10 डिसेंबरला तो गेला. शंभरेक वर्षांनी, 1998 मध्ये, हे रसायन शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून रक्तवाहिन्या सैल करतं हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याच्याच नावाचं पारितोषिक मिळालं.

स्फोटकांच्या कारखान्यांतली एक गोष्ट आजच्या चिठ्ठीत अजून जिवंत आहे. कामगारांचं डोकं सोमवारी भयंकर दुखे आणि आठवडाभरात निवळे. शरीराला नायट्रोग्लिसरीनसारख्या नायट्रेटची सवय होई. रविवारच्या सुट्टीत ती मोडे, आणि काहींना नेमकी त्याच सुट्टीत छातीत कळ येई. ही सवय गोळीलाही लागते. म्हणून आयसोसॉर्बाइड या नायट्रेटची रोजची गोळी दिवसातून दोनदा असेल तर ती बहुधा सकाळी आठ आणि दुपारी दोन-तीनला लिहिलेली असते, रात्र औषधाविना जावी म्हणून. 'दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी' असा शहाणपणा करून रात्रीची घेतली, की काही दिवसांतच गोळी बोथट होते.

जिभेखालची गोळी, आपल्याकडे सर्वतोमुखी असलेली सॉर्बिट्रेट, बसूनच घ्यावी. उभ्यानं घेतली तर दाब झपकन उतरून माणूस पडतो, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड हृदयाइतकंच महाग पडतं. गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. डोकं ठणकणं म्हणजे गोळी काम करतेय. पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही, किंवा घाम फुटून दुखणं वाढू लागलं, तर पुढचं काम गोळीचं नाही. 108 लावा, महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून धावते. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून जाऊ नका. आणि शेजाऱ्याच्या छातीत दुखतंय म्हणून आपली गोळी त्याच्या जिभेखाली सारणं हा परोपकार नव्हे. काही झटक्यांत आणि आधीच दाब कमी असताना ती घातक ठरते. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या हवा-उष्णतेनं मरतात. त्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात, तापलेल्या गाडीच्या कप्प्यात नाही.

एक गोष्ट घरात बोलली जात नाही आणि दवाखान्यातही विचारली जात नाही. लैंगिक दुर्बलतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल आणि ही नायट्रेटं एकत्र आली तर दाब जीव घेण्याइतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट वर्ज्य. 'आयुर्वेदिक शक्तिवर्धक' म्हणून विकलेल्या पुड्यांतही हीच रसायनं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना हे सांगायला लाजणं परवडणारं नाही.

रोजचा दाब आणि झटपट गुणाचा मोह एकत्र आला की काय होतं, याचं जुनं उदाहरण म्हणजे निफेडिपिनची कॅप्सूल. दाब 200 दिसला की ती सुईनं टोचून थेंब जिभेखाली सोडायचे. यंत्रावरचा आकडा धाडकन उतरायचा, नातेवाईक खूश. मेंदू आणि हृदय मात्र त्या उतारानं रक्ताला मुकायचे. अर्धांग आणि झटके झाले. 1996 मध्ये 'जामा' या नियतकालिकात ही रीत थांबवण्याची मागणी छापून आली. लक्षणं नसताना नुसता आकडा मोठा दिसला, तर तो तासाभरात नव्हे, दिवसा-दिवसांत उतरवायचा असतो.

गोळीचे शत्रू फडताळातही असतात. सांधेदुखीसाठी चिठ्ठीविना घेतलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दाब वाढवतं, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीच्या जोडीला आलं तर मूत्रपिंडाला भारी पडतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन किंवा फिनायलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. खोकल्यासाठी रोज चघळलेलं जेष्ठमध दाब चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. 'लो सोडियम' मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल ही औषधं शरीरातलं पोटॅशियम वाढवतात, त्यामुळे मूत्रपिंड अधू असलेल्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पपनस ग्रेपफ्रूटच्या जवळच्या नात्यातलं. फेलोडिपिनसारख्या गोळ्यांची रक्तातली मात्रा ग्रेपफ्रूट वाढवतं, म्हणून त्या गोळ्यांवर असताना पपनसही जपूनच. अॅम्लोडिपिनवाल्यांना याची तितकी धास्ती नाही. बीटा ब्लॉकर दमेकऱ्याला त्रास देऊ शकतात. गरोदरपण असेल किंवा ठरवत असाल, तर रामिप्रिल-टेल्मिसार्टनच्या घराण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.

उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न श्रावणात दर दवाखान्यात येतो. चालते. घोटभर पाण्यासोबत गोळी घेतल्यानं एकादशी मोडत असेल असं मला वाटत नाही. गोळी सोडल्यानं मात्र आठवडाभर खाल्लेल्या साबुदाणा-बटाट्यातलं मीठ बिनलगाम होतं. वारीला निघणाऱ्यांनी आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या दोन जागी वाटून ठेवाव्यात, एक पिशवी हरवते. विदर्भाच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि पाणी पोटात ठरत नसेल, तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन त्या दोन-तीन दिवसांपुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं. स्वतःहून थांबवू नये, तशी आंधळेपणानं रेटूही नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला आढळला. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे सुरुवातीचे जिल्हे. त्यातलं मोठेपण साधेपणात होतं: मोजक्याच औषधांची ठरलेली पायरी, एकदम महिन्याभराच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाला फोन. बड्या रुग्णालयात पाच विशेषज्ञांच्या पाच चिठ्ठ्या घेऊन फिरणाऱ्या माणसापेक्षा उपकेंद्रातल्या या रुग्णाला आपली गोळी कशासाठी, हे अधिक नेमकं ठाऊक असण्याची शक्यता आहे.

राहिला वेळेचा वाद, सकाळी की झोपताना? डंडी विद्यापीठानं ब्रिटनमध्ये 21,104 लोकांवर हेच तपासलं आणि 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल दिला: हृदयाच्या दृष्टीनं फरक नाही. लघवीची गोळी सकाळी घेतलेली बरी, नाहीतर रात्री तीनदा उठावं लागतं. बाकीच्यांनी दात घासताना, पेपर आल्यावर, संध्याकाळी दिवा लावताना, जेव्हा विसरायला होत नाही तेव्हा घ्यावी.